पैठणीची किंमत नेमकी कशाची असते?

नाशिकच्या मेन रोडला दोन हजारांत पैठणी मिळते, कॉलेज रोडला वीस हजारांत मिळते आणि येवल्यात लाखाच्या पुढचीही मिळते. तिन्हींच्या पदरावर मोर, तिन्हींना जरीचा काठ, आणि तिन्ही दुकानदार तिला पैठणीच म्हणतात. महिला दिनाच्या ‘खेळ पैठणीचा’मध्ये जिंकलेली पैठणी, लग्नाच्या बस्त्यातली पैठणी आणि सौंदर्यस्पर्धेसाठी गाऊन करून घेतलेली पैठणी, सगळ्यांना नाव एकच. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं ‘ओरिजिनल आहे ना?’ असं विचारण्याला अर्थ नाही. ‘शंभर टक्के’ असं उत्तर मिळतं, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खोटंही नसतं. साडीतलं काहीतरी एक नक्की ओरिजिनल असतं.

पैठणीची किंमत तीन गोष्टींनी ठरते: धागा कशाचा, जर कशाची आणि विणली कशावर. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. अस्सल रेशमाची साडी यंत्रमागावर निघू शकते, हातमागावर प्लास्टिकची जर चालवता येते, आणि अर्धं रेशीम अर्धं पॉलिएस्टर असा संसारही एका साडीत सुखाने नांदतो. म्हणून प्रश्नही तीन विचारायचे, आणि एकेक करून.

विणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते.

मोर ही पैठणीची खूण नव्हे. मोर, मुनिया, आसावली, कमळ ही सगळी नक्षी यंत्रमागावरचं जेकार्ड, म्हणजे नक्षी आपोआप उठवणारी जोडणी, तासाभरात काढून देतं. पैठणीची खरी ओळख पदराच्या विणीत आहे. साध्या कापडात ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर ताणलेला असतो आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा एका फेकीत या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात बाणा असा सलग जातच नाही. मोराचा गळा निळा असेल, तर निळ्या रेशमाची छोटी कांडी फक्त त्या गळ्याच्या रुंदीपुरती जाते, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकते आणि तिथूनच मागे वळते. पिसाऱ्यातल्या हिरव्याची कांडी वेगळी, चोचीच्या लालची वेगळी, मधल्या जरीची आणखी वेगळी. पदराच्या एकाच ओळीत अशा दहा-वीस कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. मग फणीचा ठोका, आणि पुढची ओळ. विणकर ताण्याचे धागे मोजत नक्षी चढवतो. एखादा धागा चुकला आणि ते चार बोटं पुढे गेल्यावर लक्षात आलं, तर उसवत मागे यावं लागतं.

या पद्धतीत रंगाचा धागा जिथे नको तिथे जातच नाही. त्यामुळे पदराच्या पाठीवर लोंबते धागे नसतात आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. जेकार्डवर नेमकं उलटं होतं. नक्षीचा धागा पूर्ण पन्हा ओलांडून जातो, लागेल तिथे वर येतो आणि बाकी ठिकाणी पाठीमागे मोकळा लोंबतो. साडी मागावरून उतरली की ते लोंबते धागे कापून टाकतात. बाजारात याला कटवर्क म्हणतात. तळहात पाठीवरून फिरवा. कापलेल्या टोकांची खरखर हाताला लगेच लागते. काही साड्यांना पदरामागे बारीक जाळी शिवलेली असते. ‘धागे अंगठीत अडकू नयेत म्हणून’ असं सांगतात, आणि तेही खरंच आहे. पण मोकळे धागे आहेत म्हणूनच जाळी आहे, हेही त्यातच आलं.

इथे एक सावधगिरी. येवल्यात हातमागालाच जेकार्ड जोडून मोठे ब्रोकेड काठ विणतात. अशा काठाच्या पाठीवर धागे दिसले म्हणून साडी यंत्रमागाची ठरत नाही. निवाडा पदरावरून करायचा. आणखी एक: पदरावरचे दोन मोर शेजारी ठेवून बघा. हाताने विणलेले असतील तर कुठे तुरा किंचित झुकलेला, कुठे पाय एका ओळीने वर, असा फरक सापडतो. सगळे मोर छापल्यासारखे एक असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

दुकानात दाखवले जाणारे दोन खेळ मात्र सोडून द्या. अंगठीतून साडी ओढून दाखवणं हा त्यातला पहिला; पातळ पॉलिएस्टर त्याहून सहज जाईल. दुसरा, काठाजवळची टाचणीची बारीक भोकं दाखवून ‘बघा, हातमाग’ म्हणणं. कापड ताणून धरण्यासाठी हातमागावर पट्टी लावतात आणि तिच्या टोकांची भोकं पडतात, इथपर्यंत बरोबर. पण यंत्रमागावरही कापड ताणून धरणारे दातेरी कडे असतात आणि त्यांचीही भोकं पडतात.

काठाकडे जरा वेळ देऊन बघितलं तर भावातला मोठा फरक उलगडतो. येवल्यात जिला एकधोटी म्हणतात, तिच्यात एकच धोटा काठ, अंग, काठ असा सलग जातो. काठ बहुधा नारळी, अंगावर वाटाणा किंवा पैसा अशी छोटी बुट्टी. काम लवकर होतं म्हणून भाव कमी. हातमागाची पैठणी पहिल्यांदा घेणाऱ्याला ही उत्तम, हिला कमी लेखू नका. कडियाल काठात अंगाचा बाणा काठाच्या हद्दीवर थांबतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि परततो. म्हणजे प्रत्येक ओळीला तीन धोटे: डाव्या काठाचा, अंगाचा, उजव्या काठाचा. म्हणून काठाचा रंग भेसळ न होता स्वच्छ उठतो. साडी उलटी करून काठ आणि अंग जिथे मिळतात ती रेघ बघा. कडियालमध्ये तिथे अडकवणीची बारीक उठावदार ओळ बोटाला लागते.

आता हिशेब करा. समजा, भरीव पदराच्या एका साडीला विणकराचे २५ दिवस गेले आणि दिवसाला ५०० रुपये मजुरी धरली, तर नुसती विणाई १२,५०० रुपये झाली. रेशीम, जर, रंगाई, ताणा सांधणी आणि दुकानाचा नफा यात अजून आलेलाच नाही. अशी साडी कोणी सहा हजारांत देत असेल तर ती हातमागाची असूच शकत नाही. तिथे पाठ तपासायचीही गरज नाही. अंगभर नक्षी असेल तर महिन्यांचं काम होतं आणि आकडा लाखात जातो. ‘महाराणी’ वगैरे नावं मात्र व्यापाऱ्यांची आहेत. त्या नावाला ठरलेलं कुठलंही माप नाही, त्यामुळे नावाचे पैसे देऊ नका.

आता धागा. पैठणीत तुतीचं रेशीम असतं. येवल्याला ते मुख्यतः कर्नाटकातून येतं आणि जर सुरतेहून. लेबलवर ‘आर्ट सिल्क’ लिहिलेलं असेल तर त्यातल्या ‘आर्ट’चा कलेशी संबंध नाही. ‘आर्टिफिशियल’ या शब्दाचं ते आखूड रूप आहे, म्हणजे नकली रेशीम: व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर. ‘सेमी पैठणी’त बहुतेक वेळा हेच असतं. सेमी वाईट नसते. रोज नेसायला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, स्पर्धेत पंधराजणींना एकसारखी द्यायला ती सोयीचीच आहे. तक्रार सेमीबद्दल नाही, सेमीला शुद्ध म्हणून विकण्याबद्दल आहे.

तपासायची पद्धत जुनीच, धागा जाळून बघण्याची. पण लोक ती अर्धवट करतात. ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकातून दोन धागे काढा, एक उभा आणि एक आडवा. ताणा रेशमाचा आणि बाणा दुसराच, अशी साडी बाजारात भरपूर आहे, आणि एकच धागा जाळणारा तिथे हमखास फसतो. दोन्ही धागे चिमट्यात धरून वेगवेगळे पेटवा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत बाजूला केली की विझतं आणि मागे उरलेली काळी गाठ बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळतं, प्लास्टिकचा वास येतो आणि टणक मणी उरतो. व्हिस्कोज कागदासारखं भुर्रकन पेटतं, मऊ राख होते. जरीचा धागा या परीक्षेसाठी घेऊ नका. त्याचं शास्त्र वेगळं आहे.

जरीचे तीन प्रकार. अस्सल जरीत चांदीची तार चपटी करून रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तार तांब्याची, तिच्यावर चांदीचा मुलामा आणि सोनेरी रंगाचा थर. तिसरी प्लास्टिक जर, म्हणजे चकचकीत धातूचा हात दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चांगल्या हातमाग पैठण्यांमध्ये टेस्टेड जर असते, आणि दुकानदार तसं स्पष्ट सांगत असेल तर त्यात लपवाछपवी काहीच नाही. तिची खोड ही की वरचा थर झिजला की खालचं तांबं हवेला लागतं आणि काठ लालसर, मग काळपट होतो. टोकाचा धागा दोन बोटांत धरून वरची तार उकला आणि नखाने खरवडा. खाली तांबूस दिसलं तर टेस्टेड, पांढरी चमक दिसली तर चांदीची शक्यता, आणि तार न उकलता पट्टी रबरासारखी ताणली गेली तर प्लास्टिक. चांदीचे पैसे मोजणार असाल तर मात्र नखावर भागवू नका. सराफांकडे धातू न कापता त्यातलं सोनं-चांदीचं प्रमाण दाखवणारं एक्स-रे यंत्र असतं. आपल्या सराफ बाजारात विचारून काठ त्याखाली धरता येतो. आजीच्या जुन्या पैठणीचा काठ भंगारवाल्याला देण्याआधीही ही फेरी कराच.

आता लेबलं, कारण खरा घोळ तिथे आहे. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली खूण. ती फक्त एवढंच सांगते की धागा शुद्ध रेशमाचा आहे. माग कुठला, याबद्दल तिचं काही म्हणणं नसतं. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क कायदेशीर मिळतो. हँडलूम मार्क २००६ चा. तो हातमागाची ग्वाही देतो, धाग्याची देत नाही. सुती पंच्यालाही तो लागू शकतो. पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, २०१० मध्ये मिळालं. ते नाव, प्रदेश आणि पद्धत यांना संरक्षण देतं. एक लेबल दाखवून तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिल्याचा आव आणला जातो तेव्हा शांतपणे उरलेले दोन विचारा. आणि लेबल साडीला लावलेलं आहे की गल्ल्यातून काढून दाखवलंय, तेही बघा.

येवल्याला जाऊन घ्यावी का? नाशिकहून चांदोरी, निफाड, विंचूर असा रस्ता, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, दोन तास. कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग लागली तर जास्त. भाव नेहमीच कमी असतो असं नाही, आणि येवल्याच्या दुकानात यंत्रमागाचा मालही ठेवलेला असतो, त्यामुळे गावाचं नाव हा पुरावा मानू नका. जाण्याचा फायदा वेगळा आहे: माग बघता येतो. अर्धी विणलेली पैठणी एकदा मागावर बघितली की पदराची पाठ कशी असते हे पुन्हा कोणी सांगावं लागत नाही. रंग ठरवून साडी विणायला टाकायची असेल तर लग्नाच्या तारखेच्या किमान तीन-चार महिने आधी जा, आणि अंगाचा रंग, काठाचा प्रकार, जर आणि पदराची लांबी हे चारही कागदावर घ्या. सहावारी साधारण साडेपाच मीटर अधिक ब्लाउजपीस, नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, हे माप तिथेच फुटपट्टी लावून बघा.

आता मंच, रॅम्प आणि फोटो. हल्ली महाविद्यालयातल्या ‘फ्रेशर्स क्वीन’पासून मिसेसच्या स्पर्धांपर्यंत सगळीकडे एक पारंपरिक फेरी असतेच, आणि नाशिकची मुलगी असेल तर पैठणी ठरलेली. इथे महागाने फायदा होतोच असं नाही. बऱ्याच पैठण्यांच्या अंगात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यालाच धूपछाँव म्हणतात. चालताना रंग हलतो तो त्यामुळे. पण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जांभळी वाटलेली साडी मंचाच्या पांढऱ्या एलईडीखाली निळी किंवा राखाडी दिसू शकते. म्हणून साडी दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी बघा, आणि मोबाईलचा फ्लॅश लावून एक फोटो काढा. प्लास्टिकची जर फ्लॅशमध्ये आरशासारखी पांढरी चमकते आणि काठाची नक्षी पुसली जाते. टेस्टेड आणि अस्सल जर पिवळी राहते. भरगच्च पदर लांबून एकसंध सोनेरी ठोकळा दिसतो. मंचासाठी मोजके, मोठे मोर आणि ठसठशीत कडियाल काठ जास्त उठून दिसतो. काळ्या अंगाची, लाल काठाची चंद्रकळा तर कुठल्याच प्रकाशात दगा देत नाही.

पिनांकडे लक्ष द्या. साडी खांद्यावर पिन करताना पिनेच्या मागच्या वेटोळ्यात जरीचा धागा अडकतो आणि ओढला की काठावर सुरकुती पडते ती पडतेच. पिनेच्या वेटोळ्यात आधी एक छोटा मणी घाला, आणि पिन ब्लाउजच्या शिवणीतून न्या म्हणजे वजन एकट्या साडीवर येणार नाही.

पैठणीचा गाऊन किंवा घागरा शिवायचा असेल तर कापडाचा स्वभाव आधी समजून घ्या. काठ साडीच्या लांबीला धावतो. शिंप्याने घागऱ्याच्या तिरप्या कळ्या काढल्या तर काठ तुकड्यातुकड्यांत तुटतो आणि विणकराची सगळी मेहनत कात्रीखाली जाते. कळ्या काढूच नका. साडी आडवी धरा: पन्हा साधारण ४५ इंच असतो, तो घागऱ्याची उंची होतो. पदर सोडून उरलेलं चार-साडेचार मीटर कापड चुण्या घालून कमरेला येतं. काठ आपोआप घेराला सलग राहतो, एक काप वाचतो, आणि पुढेमागे चुण्या उसवल्या की साडी बऱ्यापैकी परत मिळते. पदर ओढणीला ठेवा.

अंगाला घट्ट बसणारा कपडा असेल तर वेगळी अडचण येते. रेशमाचे धागे गुळगुळीत असतात, ताण पडला की शिवणीजवळ सरकतात आणि तिथे जाळी पडल्यासारखं दिसतं. उपाय असा: सुती मलमलचं अस्तर साडीच्या तुकड्याला आधी टाचून दोन्ही एकच कापड समजून शिवायचं, शिवणीला किमान एक इंच माया सोडायची, आणि ताण अस्तरावर येईल इतकं ते किंचित घट्ट ठेवायचं. जरीत सुईचं भोक पडलं की बुजत नाही, म्हणून मापाचा पहिला कपडा मांजरपाटावर शिवून घालून बघायचा. बसला तरच पैठणीला कात्री लावायची. नव्या सहावारीवर हा प्रयोग करण्यापेक्षा पैठणीचं मीटरवर मिळणारं कापड घेणं शहाणपणाचं, किंवा अंग विरलेली पण काठ-पदर धड असलेली जुनी साडी वापरावी. शिवलेल्या कपड्याला करही वेगळा लागतो. रेशमी साडीला ५ टक्के जीएसटी, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के. त्यामुळे साडी आणि शिलाई वेगवेगळ्या बिलावर घ्या.

कपडा महाग असला तरच मंच गाजतो, असंही नाही. १९९४ मध्ये मनिलाला मिस युनिव्हर्स झालेल्या सुष्मिता सेन यांनीच सांगितलेलं आहे की त्यांच्या अंतिम फेरीच्या गाऊनचं कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं होतं, शिवला तो गल्लीतल्या शिंप्याने, आणि हातमोजे पायमोज्यांचे केले होते. अभिनेत्री छाया कदम २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या रेड कार्पेटवर आईची साडी आणि नथ घालून गेल्या. दोन्ही ठिकाणी काम केलं ते मापाने आणि नेसण्याने.

बिलाचं थोडक्यात. ‘पैठणी साडी १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. त्यावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग, टेस्टेड जर’ असे तिन्ही शब्द लिहून मागा. दुकानदार यापैकी नेमका कुठला शब्द लिहायला कां कू करतो, त्यावरून बरंच कळतं. ऑनलाइन घेताना पदराच्या पाठीचा फोटो आणि काठाच्या सांध्याचा जवळून फोटो मागवा, आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे बिलावरचे ते तीन शब्द कामाला येतात.

घरी आणल्यावर पहिलं काम फॉलचं. सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा, नाहीतर तो नंतर आटतो आणि काठ गोळा होतो. फॉल हातशिलाईनेच लावून घ्या. मशीनची टीप जरीला ओढते. अत्तर किंवा डिओ साडी नेसण्याआधी अंगावर, आणि ते वाळल्यावर साडी. जर काळी पडण्यामागे बहुतेक वेळा फवारलेलं अत्तर आणि घाम असतो. नेसून झाल्यावर साडी लगेच घडी करून कपाटात टाकू नका, रात्रभर सावलीत पसरून ठेवा. इस्त्री उलट्या बाजूने, रेशमाच्या तापमानावर, मध्ये सुती कापड ठेवून. पाणी शिंपडू नका, डाग राहतात. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेल्या जुन्या मलमलमध्ये गुंडाळा, आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. घडी एकाच जागी वर्षभर राहिली की जरीची तार तिथेच मोडते आणि पुढे काठ त्या रेघेवर फाटतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला. आपल्याकडे नाशिकला पावसाळ्यात गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतली कपाटं चांगलीच दमट होतात. तिथे ऑक्टोबरचं ऊन पडलं की पैठण्या बाहेर काढून दिवसभर सावलीत, वाऱ्यावर टाकायच्या.